पहिल्या पियानो रिसायटलसाठी पीस कसा निवडावा

पहिल्या रिसायटलची, म्हणजे लोकांसमोर वाजवायच्या कार्यक्रमाची, तारीख कळली की नवशिक्यांच्या तोंडून बहुतेक वेळा दोनच नावं निघतात: बेथोव्हनचं ‘फ्यूर एलीज’ आणि त्याचाच ‘मूनलाइट सोनाटा’. दोन्ही कानांत बसलेली, दोन्हींची सुरुवात शांत, आणि पहिल्या ओळी शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर हवे तेवढे. ती पहिली ओळ आठवड्याभरात बोटांत येतेही. मग पान उलटतं.

मी पियानो शिकवते, आणि पीस निवडताना विद्यार्थ्यांना पहिली ओळ वाजवूच देत नाही. पीसमधला सगळ्यात अवघड बार (ठरावीक ठोक्यांचा छोटा तुकडा) शोधायचा आणि तो बार लोकांसमोर, गार पडलेल्या बोटांनी, आपल्याला वाजवता येणार आहे का एवढंच विचारायचं. बाकीचे मुद्दे त्यानंतरचे. मोठ्या वयात पियानोकडे वळलेल्यांना आणि मुलांसाठी पीस शोधणाऱ्या आईबाबांना, दोघांनाही हीच पद्धत लागू पडते.

१. आधी कार्यक्रमाची चौकशी करा

पीस शोधायला बसण्यापूर्वी सरांना किंवा मिसना काही गोष्टी विचारून घ्या. प्रत्येकाला किती मिनिटं आहेत? समोर नोटेशन ठेवून वाजवलं तर चालतं की पाठ हवं? मूळ पियानोसाठी लिहिलेलाच पीस हवा, की एखाद्या सिंफनीची धून सोपी करून वाजवली तरी चालेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हॉलमध्ये वाद्य कोणतं आहे? या शेवटच्या प्रश्नाकडे पुढे पुन्हा येणारच आहे, कारण चांगला निवडलेला पीस बिघडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

मिनिटांचा हिशोब कागदावर करता येतो. बारांची संख्या गुणिले एका बारातले ठोके, भागिले मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) आकडा, म्हणजे मिनिटाला किती ठोके. उदाहरणार्थ, जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट ३२ बारांचा आहे आणि प्रत्येक बारात ३ ठोके आहेत, म्हणजे ९६ ठोके. दोन्ही भाग रिपीट केले तर १९२. मेट्रोनोम १२०वर ठेवला तर दीड मिनिटाहून थोडा जास्त वेळ. अनेकांना हे फार कमी वाटतं. स्टेजवर बसल्यावर दीड मिनिट भरपूर असतं. पहिल्या खेपेला दोन मिनिटांच्या आसपासचा पीस घ्या. तीनच्या वर जाऊ नका.

२. आपण कुठे आहोत ते प्रामाणिकपणे पाहा

आत्ता शिकताय तो पीस रिसायटलसाठी नको. त्याच्या एक पायरी खालचा घ्या. घरी, रात्री, कुणी ऐकत नसताना जे नीट वाजतं त्यातलं थोडं स्टेजवर हमखास गळतं, आणि ते गळूनही पीस उभा राहायला हवा. नवीन पीस घेणार असाल तर साधी चाचणी अशी: पहिल्या बैठकीत दोन्ही हात वेगवेगळे, अगदी संथ लयीत, निदान अर्धं पान वाचता आलं पाहिजे. आठवड्याभरात दोन्ही हात एकत्र, निम्म्या लयीत, शेवटपर्यंत जाता आलं पाहिजे. एवढं झालं नाही तर पीस वाईट नाही, यंदाचा नाही.

पातळीचा अंदाज घ्यायला ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि असोसिएटेड बोर्ड या दोन परीक्षा मंडळांचे अभ्यासक्रम उपयोगी पडतात. आपल्याकडे मुंबई, पुणे, गोव्यातले बरेच विद्यार्थी याच परीक्षा देतात. ‘इनिशियल’पासून आठव्या ग्रेडपर्यंत कोणत्या ग्रेडला कोणते पीस आहेत, त्याच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट बघायला मिळतात. परीक्षा देत नसाल तरी बघा. जो पीस तुम्हाला सोपा वाटतोय तो तिसऱ्या-चौथ्या ग्रेडच्या यादीत सापडला तर थोडं थांबून विचार करा. परीक्षा देत असाल तर परीक्षेसाठी बसवलेल्या तीनपैकी एक पीस रिसायटलमध्ये वाजवायला अजिबात हरकत नाही. काहींना त्यात कमीपणा वाटतो; मला ती शहाणपणाची निवड वाटते.

पेटीवरून पियानोकडे आलेल्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल, आणि मराठी घरांत असे पुष्कळ असतात. पेटीवर डावा हात भात्यावर. उजव्या हाताची बोटं तयार झालेली असतात, कानही पक्का असतो. पण डाव्या हाताने कधी सूर वाजवलेलेच नसतात. त्यामुळे अशा विद्यार्थ्याची उजवी बाजू तिसऱ्या ग्रेडची आणि डावी पहिल्याच महिन्यातली, असं होतं. पीस डाव्या हाताकडे बघून निवडा. शिवाय पेटीवर पट्टी दाबून ठेवली की भाता चालेपर्यंत सूर टिकतो, पियानोवर तो दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. लांब, संथ सुरांचा पीस पेटीवाल्यांना ओळखीचा वाटतो, पण पियानोवर तो पोकळ ऐकू येतो. थोडा चालता, नाचता पीस त्यांना जास्त शोभतो. आणि काळी एक, पांढरी चार हा हिशोब विसरायची गरज नाही. जी मेजर म्हणजे पांढरी पाचचा मेजर, एवढं कळलं की अर्धी भीती जाते.

३. अवघड बार शोधा

आता ‘फ्यूर एलीज’ उघडू. बेथोव्हनच्या हस्तलिखितावर २७ एप्रिल ही तारीख होती, साल १८१० मानलं जातं. पीस छापला गेला तो १८६७ मध्ये, बेथोव्हन जाऊन ४० वर्षं झाल्यावर. सगळ्यांना माहीत असलेली धून परत परत येते, पण तिच्या मध्ये दोन वेगळे भाग आहेत. पहिला एफ मेजरमध्ये जातो आणि तिथे उजव्या हाताला एकदम बारीक, झरझर पळणाऱ्या नोट्स येतात. दुसऱ्यात डावा हात एकच सूर सतत ठोकत राहतो आणि वर कॉर्ड (एकदम वाजणारे दोन-तीन सूर) बदलत जातात. त्यानंतर खालून वर चढत जाणारी आणि एकेक पट्टी घसरत खाली येणारी तान. नवशिक्या काय करतो? ओळखीची धून ज्या लयीत आवडते त्या लयीत सुरू करतो आणि एफ मेजरचा भाग आला की लय निम्मी करतो. ऐकणाऱ्याला नेमकं तेच लक्षात राहतं. वाजवायचंच असेल तर नुसता पहिला भाग वाजवून थांबा आणि कार्यक्रमपत्रिकेवर तसं लिहा. मला विचाराल तर दोन वर्षं थांबा.

‘मूनलाइट’ची पहिली मूव्हमेंट (सोनाटाचा एक स्वतंत्र भाग) संथ आहे म्हणून सोपी वाटते. सी शार्प मायनर, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी एक, चार शार्प (अर्ध्या सुराने चढवलेल्या नोट्स). डाव्या हातात जवळजवळ सतत ऑक्टेव्ह, म्हणजे एक सूर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला सूर एकदम. उजव्या हाताच्या आतल्या बोटांनी तीन-तीनचे गट हळू चालू ठेवायचे आणि त्याच हाताच्या करंगळीने वरची धून त्यांच्यावर उठवून दाखवायची. एका हातात दोन आवाज, तेही वेगवेगळ्या वजनाचे. हे काम वर्ष-दीड वर्ष शिकलेल्याचं नाही.

फ्रेंच संगीतकार एरिक सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’, १८८८ची, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना फार भुरळ घालते. नोट्स मोजक्या, लय अतिसंथ. पण डावा हात प्रत्येक बारात खालच्या एका सुरावरून वरच्या कॉर्डवर उडी मारतो, आणि ती उडी पायाखालच्या, सूर धरून ठेवणाऱ्या पेडलशिवाय जोडली जात नाही. शांततेत एक चुकीचा सूर पडला तर लपायला जागाच नसते. जलद पीसमध्ये चूक वाहून जाते, संथ पीसमध्ये ती तिथेच बसून राहते. ‘संथ म्हणजे सोपं’ हा गैरसमज मला सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागतो.

शोपाँचा ए मेजर प्रील्यूड, ओपस (संगीतकाराच्या कृतीचा क्रमांक) २८मधला सातवा, तर अवघा १६ बारांचा. एका पानात मावतो. बाराव्या बारात मात्र असा भला मोठा कॉर्ड येतो की लहान हातात तो मावतच नाही. इथे एक मोजमाप उपयोगी पडेल: पियानोवर ऑक्टेव्हची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. मुलाचा हात टेबलावर पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पट्टीने मोजा. ऑक्टेव्ह ओढूनताणून गाठावा लागत असेल तर ऑक्टेव्ह असलेले पीस यादीतून काढून टाका. हात वाढतील, पीस कुठे पळून जात नाहीत.

अवघड बार शोधायची पद्धत अशी. पीसचं रेकॉर्डिंग लावा आणि नोटेशनवर बोट ठेवून ऐका. जिथे पान काळं दिसतं, जिथे डाव्या हातात उड्या आहेत, जिथे मध्येच नवे शार्प-फ्लॅट (चढवलेले-उतरवलेले सूर) उगवतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणा केलेले तीन-चार बार आधी वाजवून बघा. त्यातला सगळ्यात वाईट बार संथ लयीत दहा मिनिटांत सुटला नाही, तर पीस बाजूला ठेवा.

४. मग घ्यायचं काय?

पियानोच्या साहित्यात नवशिक्यांसाठी लिहिलेलं संगीत भरपूर आहे, आणि त्यातलं बरंच मोठ्या संगीतकारांनी आपल्याच मुलांसाठी, पुतण्या-भाच्यांसाठी लिहिलेलं. कुणी ‘सोपं केलेलं’ नाही, मुळातच सोपं.

पहिलं नाव अॅना माग्दालेना बाखच्या वहीचं. बाखच्या दुसऱ्या बायकोची ही घरगुती वही, १७२५ची. त्यातला जी मेजर मिन्युएट जगभरच्या पहिल्या रिसायटलमध्ये वाजत असेल. गंमत अशी की तो बाखचा नाही. तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्तियान पेट्झोल्ड याचा आहे, हे विसाव्या शतकात उशिरा कळलं. अजूनही बऱ्याच पुस्तकांत बाख छापलेलं असतं. तुमच्या पत्रिकेवर पेट्झोल्ड लिहा. अवघड जागा दुसऱ्या भागात आहे: सी शार्प येतो आणि उजव्या हाताला बसलेली जागा सोडून सरकावं लागतं. बाकी सगळं हाताखाली आहे. वहीत लगेच त्याचा जोडीदार जी मायनर मिन्युएट येतो. थोडी तयारी जास्त असेल तर मेजर, मग मायनर, मग पुन्हा मेजर असं वाजवा. दुसऱ्यांदा मेजर वाजवताना रिपीट सोडून द्या. छान बांधलेला, साधारण चार मिनिटांचा कार्यक्रम होतो. वर सांगितलेली मर्यादा मी फक्त इथे मोडू देते, कारण तीनपैकी एक भाग परत तोच असतो.

शूमानचा ‘तरुणांसाठी अल्बम’, ओपस ६८, त्याने १८४८ मध्ये आपल्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. ४३ पीस आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात, म्हणून पहिल्या दहा-बारा पीसमध्येच शोधा. आठवा ‘रानटी घोडेस्वार’ मुलांना हमखास आवडतो. तीन भाग, पहिला आणि तिसरा एकच, मधल्या भागात धून डाव्या हाताकडे जाते. लय सहा-आठची, बोटं टपाटप उचलायची. शिकायला कमी, ऐकायला दणदणीत. दहावा ‘आनंदी शेतकरी’ जास्त प्रसिद्ध आहे, पण त्यात धून सुरुवातीपासूनच डाव्या हातात आणि उजवा हात ठोक्याच्या मधे मधे कॉर्ड टाकतो. मध्ये तर दोन्ही हात धून वाजवतात आणि कॉर्डही चालू राहतात. पेटीवाल्यांनी हा लगेच घेऊ नये. डावा हात तयार करायला मात्र याहून चांगला पीस नाही.

बुर्गम्युलरचे २५ अभ्यास, ओपस १००, हे १८५१चं पुस्तक माझ्या मते प्रत्येक शिकणाऱ्याकडे असावं. नाव ‘अभ्यास’ असलं तरी प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव आहे. दुसरा ‘अराबेस्क’ रिसायटलचा हुकमी पीस. डावा हात कॉर्ड धरतो आणि उजवा पाच बोटांत मावणाऱ्या छोट्या ताना फेकतो. तेवढं ऐकून सगळे खूश होतात, पण अवघड बार दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे, जिथे त्याच ताना डाव्या हाताला घ्याव्या लागतात. ते बार ज्या लयीत स्वच्छ वाजतात ती तुमची लय. पुस्तकात छापलेला मेट्रोनोमचा आकडा भयंकर जलद आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करा, सगळेच करतात. शांत स्वभावाच्या विद्यार्थ्याला पहिला किंवा तिसरा द्या.

थोडं भारदस्त हवं असेल तर क्लेमेंटीच्या सहा सोनाटिना, ओपस ३६, १७९७. पहिलीची पहिली मूव्हमेंट सी मेजरमध्ये, जवळजवळ सगळी पांढऱ्या पट्ट्यांवर. मध्यावर तीच धून सी मायनरमध्ये येते आणि तेवढ्यापुरते फ्लॅट येतात. ज्याच्या स्केल (सुरांच्या चढत्या-उतरत्या ओळी) चांगल्या आहेत त्याला ही शोभते. ज्याने स्केलचा कंटाळा केला त्याचा अंगठा पहिल्याच पानावर उघडा पडतो.

चायकोव्हस्कीचा ‘मुलांचा अल्बम’, ओपस ३९, १८७८चा. २४ पीस, भाच्याला अर्पण केलेले. त्यातलं ‘जुनं फ्रेंच गाणं’ जी मायनरमध्ये आहे, आणि आपल्याकडच्या श्रोत्यांना ते लगेच भिडतं असा माझा अनुभव आहे. पाश्चात्त्य संगीत न ऐकणाऱ्या आजीही मान डोलावतात. मधल्या भागात उजवा हात जोडून गातो आणि डावा तुटक चालतो, तीच त्याची परीक्षा.

बार्टोकने १९०८-०९ मध्ये हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवरून मुलांसाठी छोटे छोटे पीस लिहिले. त्यांत ऑक्टेव्हचा ताण नाही, म्हणजे लहान हातांचा प्रश्नच मिटला. एखादा पीस अर्ध्या मिनिटात संपतो, म्हणून दोन-तीन निवडून ओळीने वाजवायचे: एक संथ, एक नाचरा, एक खोडकर. हल्लीच्या कानांना थोडे आंबट-तुरट सूर चालत असतील तर काबालेव्स्की बघा. त्याचा ‘विदूषक’ मेजर आणि मायनरमध्ये सारखा उलटसुलट होतो, आणि मुलं तो न सांगता पंधरा वेळा वाजवतात.

आणि बाखचा सी मेजर प्रील्यूड, १७२२च्या संग्रहातला पहिला. ३५ बार, जवळपास शेवटपर्यंत एकच नक्षी, दोन हात कधी एकमेकांवर आदळत नाहीत. बोटांना सोपा. त्याचा अवघड बार बोटांत नसून डोक्यात आहे: सगळे बार एकाच आकाराचे, त्यामुळे पाठ वाजवताना मधेच आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. नोटेशन समोर ठेवायची परवानगी असेल तरच पहिल्या रिसायटलला घ्या.

५. वाद्य बघून या

घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि हॉलमध्ये खराखुरा पियानो, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती. ६१ पट्ट्या म्हणजे पाच ऑक्टेव्ह. बाख, पेट्झोल्ड, क्लेमेंटी, बुर्गम्युलर यांचे वर सांगितलेले पीस त्यात बसतात. बाखच्या प्रील्यूडचा शेवटचा खालचा सी तर अशा कीबोर्डची अगदी डावीकडची पट्टी आहे. अडचण पट्ट्यांची नाही, वजनाची आहे. हलक्या कीबोर्डवर बसवलेल्या जलद ताना पियानोच्या जड पट्ट्यांवर अडखळतात. म्हणून घरी कीबोर्डच असेल तर ‘अराबेस्क’ सोडा, मिन्युएट किंवा ‘जुनं फ्रेंच गाणं’ घ्या, आणि निदान दोन-तीनदा खऱ्या पियानोवर वाजवायची सोय करा. उलटही होतं: घरी पियानो आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पेडल नसलेला कीबोर्ड. तिथे साती किंवा शोपाँ नेलात तर फजिती. पेडलवाचून ज्याचं काही अडत नाही तोच पीस न्या.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यातला कार्यक्रम असेल तर आणखी एक गोष्ट. दमट हवेत लाकूड फुगतं, एखादी पट्टी दाबली की वर यायला वेळ लावते, सूर उतरतात. आधी जाऊन पूर्ण पीस वाजवून बघा. एकच सूर पटापट पुन्हा वाजवायचा असलेला पीस अडकणाऱ्या पट्टीवर वाजवता येत नाही, आणि हे ऐन वेळी कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेलं बरं.

६. नोटेशन कुठून घ्यायचं

जुन्या संगीतकारांचं नोटेशन आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतं. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे १९४५ मध्ये गेलेला बार्टोक मोकळा झाला. १९८७ मध्ये गेलेला काबालेव्स्की नाही, त्याचं पुस्तक विकत घ्यावं लागेल. मुंबईत धोबी तलावला फुर्ताडोज या संगीताच्या दुकानात नोटेशनची पुस्तकं हाताळून बघता येतात.

फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत नंतरच्या संपादकांनी आपल्या मनाने बरंच काही घातलेलं असतं. बाखच्या त्याच प्रील्यूडमध्ये बाविसाव्या आणि तेविसाव्या बाराच्या मध्ये काही जुन्या प्रतींत एक जास्तीचा बार आढळतो. तो बाखचा नाही. तुमच्या प्रतीत ३६ बार भरले तर प्रत बदला. ‘उरटेक्स्ट’ लिहिलेली आवृत्ती मूळ लिखाणाला धरून असते; महाग असते, पण एका पीससाठी तुम्ही तिच्याबरोबर महिनोन्महिने राहणार आहात.

‘ईझी पियानो’ लिहिलेल्या प्रतींबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ‘फ्यूर एलीज’ची सोपी प्रत वाजवण्यापेक्षा पेट्झोल्डचा खरा मिन्युएट वाजवा. श्रोत्यांना मूळ चाल माहीत असते, आणि तुम्ही कितीही छान वाजवलंत तरी काहीतरी गाळलेलं आहे हे त्यांना जाणवतं. मिन्युएटमध्ये गाळलेलं काहीच नसतं.

७. दोन पीस निवडून आठवडाभर बघा

एकाच पीसवर लगेच शिक्कामोर्तब करू नका. दोन ठेवा, वेगळ्या स्वभावाचे. दोन्हींचे अवघड बार रोज वाजवा. आठवड्याअखेर दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करा, चुका होतील तशा होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. आपण न सांगता रोज आधी कोणता वाजवायला घेत होतो, तेही आठवून बघा. आवडता आणि नीट वाजणारा हे दोन वेगळे निघाले, तर पहिल्या रिसायटलला नीट वाजणारा घ्या. मुलांच्या बाबतीत मात्र मी उलट कौल देते: दोन्हींत थोडाच फरक असेल तर मुलाला आवडणारा, कारण दीड-दोन महिने रोज तोच वाजवायला बसवायचं आहे आणि ते काम तुमचं आहे.

निवडीनंतर निदान सहा आठवडे हातात हवेत. तेवढे नसतील तर नवा पीस घेऊच नका, मागे शिकलेला काढा. पाठ करायचा असेल तर पीसमध्ये चार-पाच ठिकाणं ठरवा, जिथून डोळे मिटूनही सुरू करता येईल. मधे अडकलात तर मागे जायचं नाही, पुढच्या ठिकाणावर उडी मारायची. हा सराव शेवटून सुरू करा: आधी शेवटचं ठिकाण, मग त्याच्या आधीचं. बहुतेकांची सुरुवात पक्की आणि शेवट कच्चा असतो, त्याला हा एकच इलाज मला माहीत आहे. रिपीट घ्यायचे की नाही हेही याच वेळी ठरवा आणि नंतर बदलू नका.

पत्रिकेसाठी नाव देताना संगीतकार, पीसचं नाव, ओपस आणि क्रमांक, आणि सोनाटिना असेल तर कोणती मूव्हमेंट, एवढं लिहून द्या. नुसतं ‘मिन्युएट, जी मेजर’ दिलंत तर छापणारा त्यापुढे बाख लावून मोकळा होतो.

८. त्या दिवशी

स्टूलची उंची आधी जुळवून घ्या, मग बसा. तुमच्या आधीचा वादक पाच वर्षांचा असू शकतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीवर यायला हवं. लगेच वाजवायला सुरुवात करू नका. डोक्यात पीसचा अवघड बार गुणगुणा आणि त्याची लय पकडून पहिला बार सुरू करा. पहिला बार गुणगुणून सुरुवात केलीत तर उत्साहात लय हमखास चढते, आणि मग ती पुढे उतरवता येत नाही.

एकाहून जास्त मूव्हमेंट किंवा दोन-तीन छोटे पीस सलग वाजवणार असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा की टाळ्या सगळं संपल्यावर. मैफलीत मधेच दाद द्यायची आपली सवय, त्यामुळे कुणीतरी वाजवणारच. वाजल्या तर हात मांडीवर ठेवा, थोडं हसा, टाळ्या थांबू द्या आणि पुढचा पीस सुरू करा.